रॅकेट खुंटीला टांगल्यावर

पोटासाठीं केलेल्या कामाला जगांत मान असतो. हौसेसाठीं केलेल्या कामाला फार तर कौतुक लाभतें. हा भेद एरव्ही फारसा जाणवत नाहीं. माणूस आजारी पडला म्हणजे मात्र तो एकदम डोळ्यांपुढें येतो. खांद्यावर शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला भेटावयास येणारे दहा जण "कचेरींत केव्हां जाणार?" असें विचारतात. "खेळावयास केव्हां येणार?" असें विचारणारा एखादाच निघतो, आणि तोहि बहुधा खेळांतला भिडूच असतो. वस्तुतः पहिल्या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. टेबलाशीं बसून करावयाचें काम असेल, तर तें कांहीं आठवड्यांत सुरू होतें. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर महिन्यांनीं मोजावें लागतें, आणि कित्येकदां तें निश्चित शब्दांत देतांहि येत नाहीं. हा मधला काळ कसा जातो, कसा जावा, आणि तो घाईनें संपविण्याचा प्रयत्न केल्यास काय घडतें, हें पाहण्यासारखें आहे.

उदाहरणादाखल पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ घ्यावेत. त्यांचें नांव कोणतेंहि चालेल. असे गृहस्थ पुण्यांत आहेत, मुंबईंत आहेत, सांगलींत आणि नागपुरांतहि आहेत. आठवड्यांतून चार दिवस पहाटे उठून ते बॅडमिंटन खेळावयास जातात. त्यांच्या खेळाला प्रेक्षक नाहींत, बक्षीस नाहीं, वर्तमानपत्रांत त्याची बातमी येत नाहीं. वर्षानुवर्षें तेच चौघे जमतात, त्याच त्याच चुकांवर हंसतात, आणि खेळ संपल्यावर कोपऱ्यावरच्या उपाहारगृहांत चहा पिऊन आपापल्या संसाराला लागतात. दिवसाचे उरलेले सारे तास या गृहस्थांकडे कोणी ना कोणी कांहीं ना कांहीं मागत असतें; तो एक तास मात्र त्यांचा स्वतःचा असतो.

एके दिवशीं उंच आलेलें फूल मारतांना खांद्यांत कळ येते. चार दिवस शेक होतो, मग तेलाची मालीश होते, मग कोणी सुचविलेला लेप होतो. कळ कांहीं जात नाहीं. त्या कुशीवर निजवत नाहीं, वरच्या फळीवरचा डबा काढतां येत नाहीं. अखेर तपासणी होते, सांध्याचें चित्र काढलें जातें, आणि खांद्यांतील एक कंडरा फाटल्याचें निदान होतें.

मनुष्यदेहांतील सर्वांत मोकळा सांधा म्हणजे खांदा. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या खोल उखळींत बसलेला असतो. म्हणून तो सांधा बळकट, पण त्याची हालचाल बेताची. दंडाच्या हाडाचा गोळा ज्या खोबणींत बसतो, ती मात्र उथळ बशीसारखी असते, आणि गोळा त्या बशीहून बराच मोठा असतो. यामुळें हात पुढें, मागें, बाजूला आणि डोक्यावर सहज फिरतो. या स्वातंत्र्याची किंमत म्हणजे अस्थैर्य. गोळा बशीवरून घसरूं नये म्हणून चार स्नायू त्याला धरून असतात. फऱ्याच्या हाडापासून निघालेल्या या स्नायूंच्या कंडरा दंडाच्या गोळ्याभोंवतीं सदऱ्याच्या कफासारख्या वेढून बसतात. म्हणून वैद्यकांत या रचनेला रोटेटर कफ असें नांव पडलें. चौघांपैकीं सर्वांत वरचा स्नायु हाडाच्या छपराखालच्या अरुंद वाटेनें जातो. हात डोक्यावर गेला कीं त्याच्या कंडरेवर विशेष ताण पडतो. वयाबरोबर तिचा पोत विरत जातो, आणि फाटण्याचे प्रसंग बहुधा तेथेंच येतात.

बॅडमिंटनचें फूल तें केवढें! सोळा पिसांचें, आणि वजन अवघें ४.७४ ते ५.५० ग्रॅम. इतक्या हलक्या वस्तूनें खांदा दुखावतो, हें ऐकून अनेकांना नवल वाटतें. परंतु दुखापत फुलाच्या वजनानें होत नाहीं. फूल हलकें असलें तरी हात जड असतो. तो डोक्यावरून वेगानें पुढें फेंकावा लागतो, आणि फूल सुटून गेल्यावर त्याच हाताला थांबवावेंहि लागतें. हें थांबविण्याचें काम मोठ्या प्रमाणावर त्या चार लहान स्नायूंकडे असतें. गाडीला वेग देणारें यंत्र सर्वांना दिसतें. गतिरोधकाची आठवण तो झिजल्यावरच होते. सात्विकसाईराज रंकीरेड्डी यानें २०२३ सालीं मारलेल्या एका फटक्याचा वेग ताशीं ५६५ किलोमीटर मोजला गेला आणि तो जागतिक विक्रम ठरला. हौशी खेळाडू त्या वेगाच्या जवळपासहि जात नाहीं. पण त्याच्या पन्नाशींतल्या कंडरेला तिच्या ताकदीच्या मानानें जें ओझें पेलावें लागतें, तें कमी नसतें.

या खेळाचें महाराष्ट्राशीं नातें जुनें आहे. १८७० नंतरच्या दशकांत पुण्याच्या लष्करी छावणींतील इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत, आणि त्याला पुण्याच्याच नांवानें ओळखलें जाई. पुढें सांगलीच्या नंदू नाटेकर यांनीं १९५६ सालीं मलायांतील स्पर्धेंत विजय मिळविला. परदेशांतील आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद पटकावणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू होत. तेव्हां एखाद्या मराठी घरांत खुंटीला रॅकेट टांगलेली दिसली तर तींत परकें असें कांहीं नाहीं.

फाटलेल्या प्रत्येक कंडरेला शस्त्रक्रिया लागतेच असें नाहीं. साठीपुढील कित्येकांच्या कंडरा फाटलेल्या असतात आणि त्यांना त्याचा पत्ताहि नसतो. अनेकांचें दुखणें व्यायामानें आटोक्यांत येतें. परंतु फाट मोठी असेल, ती आघातानें एकाएकीं झालेली असेल, किंवा हातांतील बळच गेलें असेल, तर कंडरा पुन्हां हाडाशीं बांधण्याचा सल्ला दिला जातो. या शस्त्रक्रियेच्या इतिहासांत एका विलक्षण पुरुषाचें नांव अग्रभागीं आहे. बॉस्टन येथील शस्त्रवैद्य अर्नेस्ट अमोरी कॉडमन यांनीं फाटलेली कंडरा शिवल्याचा वृत्तांत १९११ सालीं प्रसिद्ध केला, आणि १९३४ सालीं खांदा या एकाच विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचा आणखी एक आग्रह होता. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रोग्याची टिपणपत्रिका ठेवावी, आणि वर्षानंतर त्या रोग्याला पुन्हां पाहून अखेर काय साधलें तें तीवर प्रामाणिकपणें नोंदवावें, असें ते सांगत. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या काळीं ती अनेक नामांकित वैद्यांना रुचली नाहीं. कॉडमन यांनीं १९१४ सालीं आपल्या रुग्णालयांतील जागेचा राजीनामा दिला, पण आपला प्रश्न सोडला नाहीं. १९४० सालीं ते वारले. "वर्षानंतर काय?" हा त्यांचा प्रश्न खांद्याच्या रोग्यानेंहि स्वतःला विचारण्यासारखा आहे.

आज ही शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीच्या साहाय्यानें होते. १९१८ सालीं टोकियो येथें केंजी ताकागी यांनीं मृतदेहाच्या गुडघ्यांत दुर्बीण घालून सांध्याचें अंतरंग पाहिलें, तेथून या विद्येचा आरंभ झाला. आतां खांद्याला लहान लहान छिद्रें पाडून आंत दुर्बीण व हत्यारें नेतात, हाडांत बारीक खुंट्या बसवितात, आणि त्यांना ओवलेल्या धाग्यांनीं कंडरा हाडाशीं आवळतात. त्वचेवर तीनचार लहान व्रण तेवढे दिसतात. आणि येथेंच पहिला गैरसमज उत्पन्न होतो. बाहेरची जखम एवढीशी, म्हणून आंतील कामहि एवढेंसेंच असावें, असें रोग्याला आणि त्याच्या आप्तांना वाटूं लागतें. खरी गोष्ट अशी कीं, शस्त्रवैद्य कंडरा हाडाजवळ केवळ आणून धरतो. जोडण्याचें काम शरीराला करावें लागतें, आणि शरीर कोणाच्या घाईला जुमानीत नाहीं.

पहिले चार ते सहा आठवडे हात बहुधा झोळींत असतो. या काळांत घरांतील लहानसहान गोष्टींना एकदम महत्त्व येतें. सदरा घालतांना दुखावलेला हात प्रथम बाहींत घालावा, आणि काढतांना तोच शेवटीं काढावा, हा नियम पहिल्याच दिवशीं शिकावा लागतो. आडवें झोपवत नाहीं म्हणून उशांची उतरंड करून अर्धवट बसूनच रात्र काढावी लागते. त्या रात्री फार लांब वाटतात. पायजम्याची नाडी एका हातानें बांधतां येत नाहीं. डाव्या हातानें जेवणें ही गोष्ट आपल्याकडे लहानपणापासून निषिद्ध. पन्नास वर्षांचा संस्कार बाजूस ठेवून डाव्या हातांत चमचा धरतांना त्या गृहस्थांना उगाचच ओशाळल्यासारखें होतें. ज्यानें आजवर कोणाकडून पाण्याचा पेलाहि मागितला नाहीं, त्याला आतां गुंडी लावण्यासाठीं हांक मारावी लागते. संवयीनें हात मध्येंच पुढें गेला कीं स्वयंपाकघराच्या दारांतून आवाज येतो, "अहो, हात!" या दोन शब्दांत काळजी असते, थोडा रागहि असतो, आणि तो रागावण्याचा अधिकार पूर्णपणें रास्त असतो, कारण रात्रीं अडीच वाजतां उशा सारख्या करावयास उठणारी व्यक्ति तीच असते.

विश्रांति म्हणजे निश्चलता नव्हे. बोटें, मनगट आणि कोपर यांची हालचाल बहुधा आरंभापासूनच करावयाची असते. पुढें वैद्याच्या अनुज्ञेनें कमरेंत वांकून दुखरा हात घंटेच्या लोलकासारखा सैल सोडावयाचा आणि शरीराच्या हेलकाव्यानें तो हळूहळू झुलवावयाचा, हा व्यायाम सुरू होतो. तो कॉडमन यांच्याच नांवानें ओळखला जातो. मग दुसऱ्या हाताच्या आधारानें हात उचलणें, मग भिंतीवर बोटांनीं वर वर चढणें, मग आधारावांचून उचलणें, आणि सुमारें तीन महिन्यांनीं रबराची पट्टी ताणून बळ कमावणें, असा क्रम असतो. फाट किती मोठी होती, कंडरेचा पोत कसा होता, रोग्याचें वय काय, त्याला मधुमेह आहे कीं काय, तो धूम्रपान करतो कीं काय, यांवर हा क्रम पुढेंमागें होतो. म्हणून शेजाऱ्याच्या खांद्याचें वेळापत्रक स्वतःच्या खांद्याला लावूं नये.

या साऱ्या प्रवासांत सर्वांत कठीण काळ कोणता? पुष्कळांना वाटेल, पहिला आठवडा; कारण त्यांत वेदना असते. पण वेदना हा कठोर असला तरी इमानी पहारेकरी आहे. तो जागा असतो तोंवर माणूस आगळीक करीत नाहीं. खरा कठीण काळ दोन-अडीच महिन्यांनंतर येतो. झोळी गेलेली असते, झोंप परत आलेली असते, हात डोक्यापर्यंत पोंचूं लागतो आणि दुखणें जवळजवळ नाहींसें झालेलें असतें. नेमका त्याच वेळीं जुन्या भिडूचा दूरध्वनि येतो, "काय राव, आतां तर दुखत नाहीं म्हणतां! नुसते या तर खरे, हलकेंच खेळूं." खुंटीवरच्या रॅकेटकडे दृष्टि जाते. हरकत काय आहे, असें मन विचारतें.

हरकत अशी आहे कीं, वेदना आणि दुर्बलता या दोन निराळ्या गोष्टी असून त्या एकाच दिवशीं निरोप घेत नाहींत. आरंभींची सूज ओसरली कीं वेदना कमी होते. परंतु कंडरा आणि हाड यांच्यामध्यें जें नवें धातुसूत्र तयार होत असतें, तें या वेळीं कोंवळें असतें. त्याचे तंतू अजून ताणाच्या दिशेनें नीट रांगेंत बसलेले नसतात. ते बसावयास महिनेच्या महिने लागतात, आणि परिपक्वतेची ती क्रिया वर्षभर किंवा त्याहूनहि अधिक काळ चालते. घराचा स्लॅब टाकला म्हणजे दुसऱ्याच दिवशीं तो वरून कठीण दिसतो, त्यावरून चालतांहि येतें. तरीहि गवंडी खालचे टेकू काढीत नाहीं. तो त्याला पाणी पाजीत राहतो. घरमालकाला घाई असते, गवंड्याला अनुभव असतो. खांद्याच्या बाबतींत रोगी हाच घरमालक आणि गवंडीहि तोच. म्हणून हा झगडा त्याच्या एकट्याच्या मनांत चालतो. एका उंच फटक्यानें नवी जोड पुन्हां उसवूं शकते, आणि दुसऱ्या वेळीं शिवणें पहिल्याहून अवघड असतें.

उलट दुसरें टोकहि टाळावें लागतें. भीतीनें हात अंगाशीं धरून बसणारा माणूस सांधा आंखडून घेतो, आणि मग तो मोकळा करण्यांत नवे महिने जातात. सांगितलेलें तितकें करावयाचें आणि त्याहून अधिक करावयाचें नाहीं, हीच या काळांतील तपश्चर्या. आणि या वाक्याचा पूर्वार्ध उत्तरार्धाइतकाच महत्त्वाचा आहे.

ज्यांच्या दिमतीला उत्तमोत्तम वैद्य असतात, त्यांनाहि या काळावर मात करतां येत नाहीं. सचिन तेंडुलकर याच्या खांद्यावर मार्च २००६ मध्यें लंडन येथें शस्त्रक्रिया झाली. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यांत तो परतला तो सप्टेंबरांत, मलेशियामध्यें, आणि त्या सामन्यांत त्यानें नाबाद १४१ धावा काढल्या. लोकांच्या स्मरणांत त्या धावा राहिल्या. त्यांच्या मागचे सहा महिने कोणाला आठवत नाहींत. कारण त्या महिन्यांत पाहण्यासारखें कांहींच नव्हतें. सर्वांचें बरें होणें असेंच, न दिसणारें असतें.

मग वाट पाहणाऱ्यानें करावें तरी काय? त्याचे पाय शाबूत असतात. वैद्याची संमति असेल तर त्यानें रोज चालावें. पाय गेले तर नुसता खांदा घेऊन मैदानांत उतरण्यांत अर्थ नाहीं. त्याचे डोळेहि शाबूत असतात. ठरलेल्या वेळीं क्रीडागृहांत जाऊन पंचाच्या खुर्चीवर बसावें, गुण मोजावेत. प्रथम हें फार जड जातें. कारण चौघांतील एक जागा रिकामी ठेवून खेळ चालत नाहीं. त्या जागीं कोणी नवा तरुण आलेला असतो, आणि तो बरा खेळतो. जगाचा गाडा आपल्यावांचून चालतो हें तत्त्व पुराणांत ऐकणें निराळें, आणि आपल्याच जागेवर दुसऱ्याला फूल मारतांना पाहणें निराळें. हें शल्य बोलून दाखविण्यासारखें नसतें, म्हणून तें अधिक सलतें. पण जो टिकून बसतो त्याला हळूहळू वेगळें कांहीं दिसूं लागतें. ज्या भिडूला वर्षानुवर्षें तो मंद समजत आला, तो वस्तुतः आधींच योग्य जागीं जाऊन उभा राहतो, म्हणून त्याला धांवावें लागत नाहीं, हें खेळतांना कधीं कळलेलें नसतें. खुर्चीवरून तें आठवड्याभरांत कळतें. आपण ज्या फटक्याच्या अभिमानानें खांदा गमावला, तो फटका निम्म्या वेळां अनावश्यक होता, हेंहि तेथूनच कळतें.

परतण्याचा दिवस पंचांगावरून ठरवूं नये. साधारणपणें सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ लोटावा लागतो हें खरें; पण हात पूर्ण फिरतो कीं नाहीं, दुसऱ्या हाताच्या मानानें त्यांत बळ किती आलें, हें वैद्यानें व व्यायामोपचार करणाऱ्यानें तपासावें आणि मगच अनुज्ञा द्यावी. परत येणेंहि एका झटक्यांत नसावें. प्रथम फुलावांचून नुसती रॅकेट फिरवावी. मग कमरेखालून मारावयाचे फटके, मग जाळीजवळचा नाजूक खेळ, मग डोक्यावरून पण सावकाश, आणि जोरकस फटका सर्वांत शेवटीं. आरंभीं दहा मिनिटें पुरेत, आणि मध्यें एक दिवस विसांवा असावा. दुसऱ्या दिवशींहि खांदा ठणकत राहिला तर एक पायरी खालीं उतरावें. त्यांत मानहानि नाहीं.

कित्येकांच्या बाबतींत पूर्वीचा तो जोर परत येत नाहीं, हेंहि स्पष्ट बोलणें इष्ट आहे. चांगली जुळलेली कंडरासुद्धां पंचविशींतली होत नाहीं. अशा वेळीं माणसाला एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो. त्याला प्रिय होता तो खेळ, कीं त्या खेळांतील स्वतःचा पराक्रम? पराक्रमच प्रिय असेल तर रॅकेट कायमची खुंटीवर राहते, आणि खांदा बरा होऊनहि घरांत एक किरकिर शिल्लक उरते. खेळ प्रिय असेल तर जोराची जागा नेम घेतो, धांवण्याची जागा अंदाज घेतो, आणि जोडीच्या खेळांत असा भिडू कोणालाहि हवाच असतो.

वर्षानंतर त्या रोग्याला पुन्हां पाहून नोंद करावी, असें कॉडमन म्हणत. हौशी माणसाच्या टिपणपत्रिकेवर हात किती अंश वर जातो आणि किती भार उचलतो हे आंकडे येतीलच, आणि ते यावयासहि हवेत. पण त्यांच्याखालीं आणखी एक ओळ असावी: पहाटे उठून हा गृहस्थ पुन्हां घराबाहेर पडतो काय, आणि खेळ संपल्यावर चौघांबरोबर चहाला थांबतो काय? या ओळीपुढें 'होय' असें लिहितां आलें, तर फटक्याचा वेग किती उरला ही चौकशी वैद्यानें खुशाल सोडून द्यावी.